वस्तऱ्याने दाढी करायला सुरुवात: दोष धारेचा की हाताचा?

बोरिवलीकर

नमस्कार. गेली बारा-तेरा वर्षे मी तीन पात्यांच्या रेझरने दाढी करत आलो आहे आणि जवळजवळ तेवढीच वर्षे माझ्या गळ्यावर, शर्टाची कॉलर जिथे घासते त्या भागात, लाल पुळ्या उठत आल्या आहेत. रेझर बदलले, क्रीम बदलले, एक दिवसाआड दाढी करून पाहिली, तरी फरक पडला नाही. दोन महिन्यांपूर्वी चोर बाजारात मटण स्ट्रीटवर फिरताना जुन्या वस्तूंच्या एका दुकानात घडीचा वस्तरा हाती लागला. त्याच्या शेपटीवर सोलिंगेन या जर्मन शहराचे नाव कोरलेले आहे, पाते पाच सूत रुंद असून दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले आहे आणि मूठ पिवळसर, अर्धपारदर्शक आहे. एकाच पात्याने दाढी केल्यास गळ्याचा त्रास कमी होतो असे वाचले होते, म्हणून ७०० रुपयांना तो घेतला.

परवाच्या रविवारी पहिला प्रयत्न केला. कमरेचा जुना पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून त्यावर वस्तरा दहा-बारा वेळा फिरवला, गरम पाण्याने तोंड धुतले, ब्रशने भरपूर फेस केला आणि उजव्या गालावर कानशिलापासून खाली वस्तरा ओढला. पहिल्या इंचभरातच केस कापले जाण्याऐवजी ओढले जाऊ लागले आणि डोळ्यांत पाणी आले. मी थोडा जोर दिला, तेव्हा गाल कसाबसा साफ झाला, परंतु हनुवटीच्या वळणावर पात्याचे टोक रुतले आणि पांढरा फेस बघता बघता गुलाबी झाला. जखम खोल नव्हती, तरी दहा मिनिटे रक्त थांबले नाही.

मला हे शिकायचे आहेच, त्यामुळे सोडून देण्याचा सल्ला कृपया देऊ नये. दोष धारेचा आहे की माझ्या हाताचा, हे कसे ओळखावे? आधी सलूनमध्ये वापरतात तसला, अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा घेऊन हात तयार करावा काय? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टूलरूम

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दोष आधी धारेचा आहे आणि हाताचा नंतर. गालाच्या सपाट भागावर, ओल्या आणि फेस लावलेल्या केसांत वस्तरा ओढू लागला तर त्याला धार नाही असेच समजावे. बिनधारेचा वस्तरा धारदार वस्तऱ्यापेक्षा अधिक कापतो, कारण माणूस नकळत जोर देऊ लागतो, आणि तुमच्या हनुवटीवर तेच झाले आहे. मी ३४ वर्षे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो आणि निवृत्तीनंतर जुने वस्तरे दगडावर लावण्याचा नाद लागला, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

घड्याळजी वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, खिडकीशी बसा आणि धार प्रकाशाकडे करून पाते हळूहळू फिरवा. चांगली धार प्रकाश परतवत नाही, म्हणून ती दिसतच नाही. जिथे बारीक पांढरी रेघ किंवा ठिपका चमकेल, तिथे धार बोथट झाली आहे किंवा तिचा कपचा उडाला आहे. चोर बाजारातल्या वस्तऱ्यांत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पूर्वीच्या मालकाने दगडावर मधोमध जास्त घासल्याने धार मध्ये आत गेलेली असते, किंवा गंजाचे काळे खड्डे थेट धारेपर्यंत पोहोचलेले असतात. पहिला दोष मेहनतीने निघतो. दुसऱ्या प्रकारात दगडावर पोलाद जितके उतरवावे तितके नवे खड्डे उघडे पडत जातात आणि अशा वस्तऱ्यावर वेळ घालवू नये.

कमरेच्या पट्ट्याबद्दल स्पष्टच सांगतो. चामड्याचा पट्टा गेलेली धार परत आणत नाही. तो फक्त असलेली धार सरळ आणि गुळगुळीत ठेवतो. त्यातून बहुतेक पँटच्या पट्ट्यांना वरून रंगाचा लेप असतो, त्यामुळे पाते चामड्याला लागतच नाही. पट्टा ढिला असेल तर तो पात्याभोवती वळून धारेला गोलाई आणतो, आणि परतताना वस्तरा पाठीऐवजी धारेवरून पालटला तर एका क्षणात दगडावरच्या दोन तासांच्या कामाची माती होते. तुमच्याकडून यांतले काय काय झाले असेल ते तुम्हीच आठवून पाहा.

आता धार लावण्याविषयी. वस्तऱ्याची रचना अशी आहे की कोन सांभाळण्याची चिंता करावी लागत नाही, कारण पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात आणि पाठीची जाडीच कोन ठरवते. पाच सूत म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर रुंदीचे पाते आणि साडेचार मिलिमीटर जाडीची पाठ असेल तर दोन्ही बाजूंचा मिळून कोन सुमारे १६ अंश येतो. काम सुरू होते ते हजार नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक). तिथे धारेचा उतार, ज्याला आम्ही बेव्हल म्हणतो, दोन्ही बाजूंनी घासून शेंड्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत मिळवावा लागतो. उतारावर मार्करची शाई लावून दोन-चार हात मारले की दगड कुठे लागतो आणि कुठे लागत नाही ते लगेच कळते. ही पायरी पुरी झाल्याशिवाय पुढच्या नंबरवर जाण्यात काही अर्थ नाही. शिकाऊ लोकांच्या दहापैकी नऊ अडचणी इथेच असतात, असे माझे मत आहे. त्यानंतर चार हजार, आठ हजार आणि शेवटी बारा हजार नंबर, प्रत्येक दगड पाण्याने ओला, सपाट केलेला आणि हातावर वस्तऱ्याच्या वजनाहून जास्त भार नाही. नागदेवी स्ट्रीटवर जे कार्बोरंडमचे दगड सहज मिळतात ते पटाशी आणि रंध्याच्या पात्यासाठी ठीक आहेत, वस्तऱ्याचे शेवटचे काम त्यांवर होत नाही.

मात्र माझा आग्रह असा की हे सर्व तुम्ही आत्ता करू नका. दाढी शिकणे आणि धार लावणे शिकणे या दोन गोष्टी एकत्र सुरू केल्या की बिघाड कुठे आहे हे कधीच कळत नाही. वस्तरा जाणकाराकडून एकदा लावून घ्या, पट्टा नीट मारला तर ती धार काही महिने टिकते. पट्ट्यासाठी धारावीत सायन-वांद्रे जोडरस्त्यालगतच्या चामड्याच्या दुकानांत विचारा. बाभूळ-हिरड्याच्या कषायात कमावलेले, लेप न दिलेले म्हशीचे चामडे, तीन इंच रुंद आणि दीड फूट लांब, एवढे सांगितले की पुरे. पाठ पुढे आणि धार मागे असे ओढायचे, टोकाला थांबायचे, पाठीवर पालटायचे, मग परत यायचे. दाढीपूर्वी अशा ५० फेऱ्या, पहिले पंधरा दिवस अगदी सावकाश. सलूनमधला सपसप आवाज काढण्याचा मोह टाळावा.

केस मुलायम आणि पोलाद कठीण, मग धार जातेच कशी, असा प्रश्न मला नेहमी पडत असे. २०२० साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढीचा केस कापला जाताना पाहिला. केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असतो, तरी तो वाकून तिरका भिडला आणि धारेच्या त्या बिंदूला पोलादाची घडण एकसारखी नसली की सूक्ष्म कपचा उडतो, असे त्यांना आढळले. दाढी भिजवून मऊ करणे जितके कातडीसाठी आवश्यक तितकेच पात्यासाठीही आहे.

लालबागचे सलून

टूलरूम काकांनी धारेविषयी लिहिले त्यात भर घालावी असे माझ्याजवळ काही नाही, फक्त एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. दोन गोष्टी एकदम शिकू नयेत हे मान्य, परंतु म्हणूनच मी म्हणेन की पहिला महिनाभर अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा वापरावा. त्यात दर वेळी नवी, खात्रीची धार मिळते. मग केस ओढले गेले किंवा कातडी सोलवटली तर दोष हाताचाच, हे निर्विवाद ठरते. तयार धारेच्या वस्तऱ्यावर पट्टा चुकीचा मारून चौथ्या दिवशी धार घालवणारे मी पाहिले आहेत आणि ते बिचारे आपला हात बिघडला असे समजून महिनाभर कुढत होते.

त्या वस्तऱ्याचा अवगुणही सांगितला पाहिजे. ब्लेडची जाडी एक दशांश मिलिमीटर, त्यामुळे जुन्या वस्तऱ्याच्या पात्याला असते ते वजन त्याला नाही आणि कातडीवरून सरकताना होणारी हलकी कंपने हाताला जाणवत नाहीत. कोन जरा चुकला की तो लगेच चावतो. म्हणून हात फुलासारखा हलका ठेवावा लागतो.

वडिलांच्या धोकटीत चार जुने वस्तरे होते आणि मी पहिली तीन वर्षे त्यांवरच काम केले. एचआयव्ही आणि काविळीविषयी जागृती झाली, गिऱ्हाईक स्वतःच नवे ब्लेड घाला म्हणून सांगू लागले, आणि आम्ही ते आनंदाने स्वीकारले. कागदात गुंडाळलेले ब्लेड गिऱ्हाइकासमोर मधोमध मोडायचे, अर्धे बसवायचे, अर्धे कागदातच ठेवायचे, हा आता आमच्या धंद्यातला विश्वासाचा भाग झाला आहे. मला शिकवताना वडिलांनी फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावून तो वस्तऱ्याने काढायला लावला होता. फुगा फुटला की दुसरा. आठ फुगे गेले, नवव्या दिवशी फेस पुरता निघाला आणि फुगा शाबूत राहिला, तेव्हा कुठे त्यांनी स्वतःचा गाल पुढे केला.

तुमच्या हाताविषयी. वस्तरा धरताना तीन बोटे शेपटीकडच्या दांडीवर, करंगळी शेपटीच्या वळणात आणि अंगठा खालून, ही पकड आधी कोरडीच, आरशासमोर, धार बंद ठेवून पक्की करा. पाते गालाला सपाट टेकवा, मग पाठ तिच्या स्वतःच्या जाडीच्या दुप्पट एवढीच उचला. तो कोन अंदाजे ३० अंशांचा होतो; त्याहून जास्त उचलली की वस्तरा खरवडतो. खरी करामत मात्र दुसऱ्या हाताची आहे. सगळे लोक वस्तऱ्याचा हात पाहतात, आम्ही शिकाऊ मुलाचा कातडी ताणणारा हात पाहतो. कानशिलाचे केस काढताना बोटे कोरडी करून कानाच्या वर कातडी वरच्या दिशेने ओढून धरावी, जबड्यावर येताना ती वर ओढून जबड्याखालची कातडी हाडावर आणावी, आणि हनुवटीच्या वळणावर तोंड मिटून खालचा ओठ दातांवर ताणून घ्यावा. बोटे फेसाने निसटत असतील तर तुरटीचा खडा बोटांना चोळावा, लगेच पकड येते.

पात्याचे टोक हा नवशिक्याचा मोठा शत्रू, कारण लक्ष मधल्या भागावर असते आणि कान किंवा हनुवटी टोकाला लागते. वस्तरा नेहमी धारेच्या दिशेने, दोन-अडीच सेंटीमीटर एवढाच, एका वेळी. तो कधीही आडवा सरकवू नये. काकडी कापतो तशी एक हालचाल, आणि चीर पडली. हातातून सुटलाच तर पकडायला जाऊ नका, पडू द्या.

पहिले दोन आठवडे फक्त दोन्ही गाल वस्तऱ्याने, तेही केसांच्या वाढीच्या दिशेने. मिशी, हनुवटी आणि गळा रोजच्या रेझरने उरकावा. दोन दिवसांच्या खुंटांवरून बोटे फिरवून केस कुठे कोणत्या दिशेला जातात ते नीट पाहा. गळ्याला बहुतेकांचे केस सरळ खाली नसतात, कानाकडे किंवा गळ्याच्या मध्याकडे तिरके वळलेले असतात, आणि पुळ्या येणाऱ्या गिऱ्हाइकांचे तर हमखास.

पाण्याविषयी एक सूचना. नळाला येणारे तलावाचे पाणी मऊ असल्याने फेस चांगला होतो. सोसायटीत बोअरचे पाणी मिसळत असेल तर फेस बसतो आणि गालावर वाळतो. तेव्हा पिण्याचे पाणी गरम करून वापरावे. फेस लावल्यावर दोन-तीन मिनिटे ब्रश फिरवत राहावे, घाई करू नये. सकाळच्या गाडीच्या वेळेला हे शिकणे शक्य नाही, म्हणून रात्री जेवणापूर्वी दाढी करा.

पार्ले पूर्व

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून फक्त माझ्या विषयापुरते लिहिते. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचे पाते केस किंचित वर ओढते आणि मागचे त्याला कातडीच्या पातळीखाली कापते. केस कुरळा असेल तर तो वाढताना बाहेर येण्याऐवजी वळून कातडीत शिरतो आणि पुळी होते. एकाच पात्याने, वाढीच्या दिशेने, अगदी गुळगुळीत करण्याचा हट्ट न धरता दाढी केल्यास अनेकांना आराम पडतो. आराम पडेपर्यंत गळ्यावर उलटा हात, म्हणजे वाढीच्या विरुद्ध दिशेने, मारूच नये.

जुना वस्तरा चेहऱ्याला लावण्यापूर्वी निर्जंतुक करणे अनिवार्य आहे. यकृतदाह ब (हिपॅटायटिस बी) चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो. वस्तरा साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, पाते आणि मुठीचा आतला भाग स्पिरिटने पुसावा. क्लोरीनचे द्रावण वापरू नये, त्याने पोलादाला खड्डे पडतात, आणि मूठ शिंगाची किंवा सेल्युलॉइडची (एक जुने प्लास्टिक) असू शकत असल्याने उकळूही नये. तुमचा वस्तरा घरातही कुणाला देऊ नका. धनुर्वाताची लस १० वर्षांत घेतली नसल्यास घ्यावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर हा प्रयोग सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोलावे.

वर्सोवा

मूठ पिवळसर आणि अर्धपारदर्शक आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यावरून एक शंका आली. ती अंगठ्याने जोरात घासून वास घ्या. कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची आहे, कारण ते बनवताना कापूर वापरत. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ निघते आणि मिटलेले पाते आतल्या आत गंजते. माझ्या एका चांगल्या वस्तऱ्याचे पाते मुठीला टेकते नेमक्या त्याच जागी असे खाल्ले गेले. मुठीवर बारीक तडे किंवा चिकटपणा दिसल्यास मूठ बदलून घ्या.

पावसाळ्यात इथे हवेतील आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते आणि या पोलादाला दमटपणा एक रात्रही सोसत नाही. दाढी झाल्यावर पाते पुसून, मुठीच्या खिळ्यापाशी मऊ कागदाचे टोक सरकवून आतले पाणी टिपा, अर्धा तास उघडे ठेवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब बोटाने पसरवा. न्हाणीघरात ठेवू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, चामड्याच्या म्यानात नको, कारण चामडे ओल धरून ठेवते. पट्ट्यालाही बुरशी येते, तो हवेशीर जागी टांगावा.

बोरिवलीकर

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितो आहे. भिंगातून पाहिले तेव्हा धारेवर मधोमध जवळजवळ दोन सेंटीमीटर लांब चमकणारी रेघ होती, म्हणजे काकांचे निदान अचूक ठरले. मुठीला कापराचा वास स्पष्ट येतो, परंतु तडे नाहीत. तरी वस्तरा आता मूठ उघडी ठेवूनच डब्यात असतो. वस्तरा एका ओळखीच्या गृहस्थांकडे दगडावर लावायला दिला आणि तोवर सलूनवाल्या दादांच्या सांगण्याप्रमाणे अर्ध्या ब्लेडचा वस्तरा वापरला. सहा फुगे फुटले. चौथ्या आठवड्यात जुना वस्तरा परत आला, धारावीतून आणलेल्या पट्ट्यावर ५० फेऱ्या मोजून केल्या, आणि उजव्या गालावरून तो फिरला तेव्हा केस कापले जात असल्याचा बारीक करकर आवाज तेवढा ऐकू आला, ओढल्याची जाणीव अजिबात झाली नाही. गळ्याला अजून वस्तरा लावलेला नाही, पण रेझरचा उलटा हात बंद केल्यापासून तिथल्या पुळ्या निम्म्यावर आल्या आहेत.

आता अडचण डाव्या गालाची आहे. उजव्या हाताने तिकडे गेले की मनगट डोळ्यांसमोर येते, आरशात काही दिसत नाही आणि कोन वाढतो. डाव्या हाताने करू जावे तर हात थरथरतो. काय करावे?

लालबागचे सलून

दादा, डाव्या हातानेच करा. आम्हाला गिऱ्हाइकाभोवती फिरता येते, तुम्हाला स्वतःभोवती फिरता येणार नाही. दात घासणे आणि चहात साखर ढवळणे आठवडाभर डाव्या हाताने करून पाहा, मग वस्तऱ्याची पाठ फेसावरून उलटी, धार बाहेर ठेवून, डाव्या हाताने फिरवा, जेणेकरून काही कापले जाणार नाही पण हाताला वाट कळेल. चार-पाच दिवस एवढेच. मग कानशिलापासून दोन बोटे खाली, एवढाच तुकडा धारेने घ्या आणि उरलेला डावा गाल रेझरने काढा. काकांचा पट्टा मात्र उजव्याच हाताने मारा, तिथे डावा हात अजिबात नको.